खेळण्यातलं पिस्तूल आणि खरी भीती : 'विमान अपहरण' हा निबंध शिकवताना



जुहूच्या शाळेत शिकवायचं म्हणजे मध्येच थांबायची सवय लागते. सांताक्रूझच्या धावपट्टीवरून पश्चिमेला उडालेली विमानं आमच्या डोक्यावरून समुद्राकडे जातात. तेवढ्यापुरतं वाक्य अर्धवट सोडायचं, आवाज गेला की पुढे सुरू करायचं. मुलं तर वर बघतसुद्धा नाहीत. शेजारच्या जुहू विमानतळावरून हेलिकॉप्टर उडालं तर एखाद-दुसरी मान वळते, इतकंच.

अशा वर्गाला मागे मी 'विमान अपहरण : विमान प्रवासापुढील संकट' हा वैचारिक निबंध दिला होता. वर्ग नववीचा. वह्या तपासायला घेतल्या आणि पाचव्या वहीनंतर मला पुढची वाक्यं न वाचताच कळायला लागली. आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे, विमानामुळे जग जवळ आले आहे, परंतु दहशतवादी लोक विमानाचे अपहरण करतात, निष्पाप लोकांचे प्राण जातात, सरकारने कठोर उपाय योजावेत, जय हिंद. व्याकरण ठीक, परिच्छेद ठीक, दहापैकी सात गुण द्यायला हरकत नाही. दोष मुलांचा नाही. आपणच त्यांना असे निबंध लिहायला शिकवतो. गाइडातला साचा आपण फळ्यावर उतरवतो आणि मुलं तो वहीत.

पण त्या तासाला एक गोष्ट घडली, आणि हा लेख त्यासाठी आहे.

ऑक्टोबर २०२४ च्या घटना मी वर्गात सांगत होते. १४ ऑक्टोबरला मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं एअर इंडियाचं विमान बॉम्बच्या धमकीमुळे दिल्लीला उतरवावं लागलं. त्याच दिवशी मुंबईहून मस्कत आणि जेद्दाला जाणाऱ्या इंडिगोच्या विमानांनाही तशीच धमकी आली. पुढच्या दोन आठवड्यांत देशभरातल्या शेकडो उड्डाणांना अशा धमक्या आल्या आणि विमानात काहीच सापडलं नाही. पहिल्या दिवशीच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी ताब्यात घेतला तो छत्तीसगडमधला १७ वर्षांचा मुलगा. ओळखीच्या एकाशी पैशांवरून वाद होता, त्याला अडकवायचं म्हणून त्याच्या नावाने खातं उघडून धमक्या दिल्या, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पण बॉम्ब नव्हताच ना? मग काय झालं त्यात?"

वर्ग हसला. खरं सांगते, मला लगेच उत्तर सुचलं नाही. रागावून गप्प बसवणं सोपं होतं, पण प्रश्न खोटा नव्हता. उत्तर दिलं ते दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने. तिची आई विमानात साफसफाईचं काम करते. ती म्हणाली, "माझी आई त्या आठवड्यात दोन दिवस पहाटे घरी आली. धमकी आली की सगळं परत उघडून बघतात. आई आतमध्ये असताना तिला माहीत असतं का बॉम्ब खोटा आहे ते?"

हा प्रश्न कुठल्याही गाइडात नाही.

(आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी विमानात पाऊल ठेवलेलं नाही, पण चार-पाच जणांच्या घरची चूल विमानतळावर चालते. 'विमान प्रवास हा श्रीमंतांचा विषय' असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हे कंसात.)

विमान अपहरण म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर बंदुका येतात. सिनेमा, वेब सिरीज, सगळीकडे तेच. पण आपल्या देशातल्या अपहरणांची गोष्ट नीट सांगितली तर मुलं चकित होतात. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' नावाचं फोकर विमान दोन तरुणांनी लाहोरला नेलं. हातात काय होतं? खेळण्यातलं पिस्तूल आणि नकली हातबॉम्ब. प्रवासी सुखरूप परत आले, विमान मात्र लाहोरच्या धावपट्टीवर जाळून टाकण्यात आलं. त्यानंतर भारताने पाकिस्तानच्या विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. पूर्व आणि पश्चिम पाकिस्तानातली सगळी वाहतूक श्रीलंकेला वळसा घालून करावी लागली, आणि वर्ष कुठलं होतं ते इतिहासाचे शिक्षक सांगतीलच. खेळण्यातल्या पिस्तुलाने दोन देशांमधलं आकाश बंद झालं.

दुसरी गोष्ट डिसेंबर १९७८ ची. लखनौहून दिल्लीला जाणारं विमान पांडे आडनावाच्या दोन तरुणांनी वाराणसीला उतरवलं. इंदिरा गांधींना तुरुंगातून सोडा, ही मागणी. शस्त्र म्हणाल तर खेळण्यातली पिस्तुलं आणि हातबॉम्ब वाटावा म्हणून एक क्रिकेटचा चेंडू! वर्गात यावर हशा पिकतो, पिकू द्यावा. मग विचारावं, तुम्ही त्या विमानात खिडकीजवळ बसला असता तर चेंडू ओळखला असता का? पुढे त्या दोघांनाही काँग्रेसचं तिकीट मिळालं आणि दोघे उत्तर प्रदेशात आमदार झाले. हे सांगितल्यावर हसू थोडं वेगळं होतं. मोठ्या माणसांनी अशा 'गमती'ला बक्षीस दिलं, हे मुलांपासून लपवू नये असं माझं मत आहे. आपण लपवलं तरी त्यांना फोनवर ते सापडतंच.

आता 'मग काय झालं त्यात?' या प्रश्नाकडे वळता येतं. तीस हजार फुटांवर कुणालाही पिस्तूल खरं की खोटं हे तपासता येत नाही. वैमानिकाला प्रयोग करून बघण्याची सोय नसते. त्यामुळे हवेत खोटी धमकी आणि खरी धमकी यांचं वजन सारखंच असतं. चिठ्ठी असो, फोन असो की मोबाइलवरचा मेसेज, जमिनीवरच्या माणसालाही तो खरा धरूनच चालावं लागतं. माझ्या मते या निबंधात शिकवण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच आपल्या साच्यात नाही. दहशतवादी वाईट असतात हे नववीच्या मुलाला शिकवावं लागत नाही. फोनवर टाकलेली एक ओळ विमानाची दिशा बदलू शकते, हे मात्र शिकवावं लागतं.

आमच्या भागाची एक गोष्ट मुलांना फार आवडते. जुहूचं विमानतळ १९२८ चं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले होते. पुढे मोठी वाहतूक सांताक्रूझला गेली, पण दोन्ही धावपट्ट्या इतक्या जवळ की वैमानिक फसायचे. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं फ्लाइट ४७२, मोठं डीसी-८ विमान, सांताक्रूझ समजून चक्क जुहूला उतरलं. धावपट्टी पुरली नाही, विमान पुढे खड्ड्यात गेलं. जीव कुणाचाही गेला नाही.

पाच वर्षांनी त्याच क्रमांकाचं उड्डाण पुन्हा मुंबईच्या बातम्यांत आलं. २८ सप्टेंबर १९७७. पॅरिसहून टोकियोला जाणारं जपान एअरलाइन्सचं फ्लाइट ४७२ मुंबईहून उडालं आणि थोड्याच वेळात 'जपानी रेड आर्मी'च्या पाच जणांनी ते ताब्यात घेतलं. आत दीडशेहून जास्त माणसं. विमान ढाक्याला उतरवलं. मागणी होती साठ लाख डॉलर आणि जपानच्या तुरुंगातले साथीदार. पंतप्रधान ताकेओ फुकुदा यांनी माणसाचा जीव पृथ्वीपेक्षा जड असतो अशी भूमिका घेतली, पैसे दिले, सहा कैदी सोडले. ओलीस टप्प्याटप्प्याने सुटले, शेवटचे अल्जीरियात. पण या वाटाघाटी चालू असतानाच ढाक्यात लष्करी बंड झालं आणि विमानतळावर बांगलादेशच्या हवाई दलाचे अधिकारी मारले गेले. मुंबईच्या आकाशात सुरू झालेल्या या गोष्टीत प्राण गेले ते तिसऱ्याच देशाच्या माणसांचे. आणि महिनाही व्हायच्या आत, १८ ऑक्टोबरला, लुफ्तान्साच्या अपहृत विमानावर पश्चिम जर्मनीच्या कमांडोंनी मोगादिशूला हल्ला करून ८६ ओलिसांना सोडवलं. त्याआधी त्या विमानाच्या कप्तानाला मात्र अपहरणकर्त्यांनी गोळी घातली होती.

कुणाचं बरोबर? जपानचं की जर्मनीचं?

आपल्याकडे हा वाद कंदाहारच्या नावाने होतो. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ पाच जणांनी पळवलं. अमृतसर, लाहोर, दुबई, कंदाहार. नुकतंच लग्न झालेल्या २५ वर्षांच्या रुपिन कत्याल याचा त्यांनी जीव घेतला. ३१ डिसेंबरला मसूद अझरसह तीन दहशतवादी सोडले गेले आणि प्रवासी घरी आले. याच अझरने पुढे 'जैश-ए-महंमद' ही संघटना काढली. या कटाचा एक धागा आपल्या उपनगरांतही होता. अपहरणकर्त्यांच्या साथीदारांना मुंबई पोलिसांनी जोगेश्वरीतून पकडलं आणि जानेवारी २००० मध्ये गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी यांनी ते जाहीर केलं. जोगेश्वरी जुहूपासून लांब नाही, आमच्या शाळेत तिथून मुलं येतात. हे सांगताना मी एक काळजी घेते, तुम्हीही घ्यावी : वस्तीचं नाव सांगून थांबायचं नाही. पकडून देणारी माहितीसुद्धा याच शहरातून मिळते, आणि जोगेश्वरीत राहणारं मूल वर्गात मान खाली घालून बसलं तर आपला तास फुकट गेला.

वादविवाद स्पर्धेत 'कैदी सोडायला नको होते' ही बाजू नेहमी टाळ्या मिळवते. मुलं मुठी आवळून बोलतात. मी एक केलं. अर्ध्या वर्गाला सांगितलं, तुम्ही सरकार. उरलेल्यांना सांगितलं, विमानात तुमची आई आहे. दुसऱ्या दिवशी बाजू बदलल्या. पहिल्या दिवशी सगळ्यात मोठ्याने 'सोडू नका' म्हणणारा मुलगा दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, विमान अमृतसरला उभं होतं तेव्हाच थांबवायला हवं होतं." माझं मतही तेच आहे. अमृतसरला विमान पाऊण तासाच्या आसपास उभं होतं. कंदाहारला पोचल्यावर चांगला असा पर्यायच उरला नव्हता, दोन वाईटांतला एक निवडायचा होता. तेव्हा सरकारला भित्रं म्हणणं किंवा दिल्लीत रडत घोषणा देणाऱ्या नातेवाइकांना स्वार्थी म्हणणं, दोन्ही सोपं आहे आणि दोन्ही मला पटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकेल. पण मुलांना बाजू बदलायला लावा, एवढं मात्र आग्रहाने सांगते.

आता पालकांशी थोडं. विमानतळावरच्या तपासणीच्या रांगेत आपण मुलांसमोर काय बोलतो, आठवून बघा. "पट्टा काढा, बूट काढा, पाण्याची बाटली टाका, काय कटकट आहे!" ही कटकट आली कुठून? अमेरिकेत १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत १३० हून जास्त अपहरणं झाली, कारण लोक बसमध्ये चढावं तसे विमानात चढत होते. जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि हा प्रकार झपाट्याने कमी झाला. आपल्याकडे सप्टेंबर १९७६ मध्ये दिल्लीहून मुंबईकडे निघालेलं विमान लाहोरला पळवलं गेलं, त्यानंतर पांडे समिती नेमली आणि १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षा ब्यूरो स्थापन झाला. कंदाहारनंतर विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली, पहिला मान फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरचा. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर कॉकपिटचे दरवाजे भक्कम आणि बंद झाले. म्हणजे आपण ज्या रांगेत वैतागतो तिचा प्रत्येक मीटर कुणाच्या तरी जिवावर बेतल्यावर वाढलेला आहे. मागच्या पालकसभेत एका बाबांनी हसत हसत सांगितलं, की काउंटरवर "बॅगेत काय आहे?" विचारल्यावर ते म्हणाले होते, "बॉम्ब!" मुलगा शेजारीच होता. कुणी गांभीर्याने घेतलं नाही म्हणून निभावलं. त्यांचा मुलगा कोण, हे मी इथे लिहिणार नाही, पण 'मग काय झालं त्यात?' हा प्रश्न कुठून येतो ते मला त्या दिवशी कळलं.

कायदा ही गंमत मानत नाही. २०१६ चा विमान अपहरण विरोधी कायदा अपहरणाची खरी वाटेल अशी धमकी देणं हाही गुन्हा धरतो, आणि शिक्षा जन्मठेपेची आहे. अपहरणात ओलीस किंवा सुरक्षा कर्मचारी दगावला तर फाशीही होऊ शकते. या कायद्याखाली पहिली शिक्षा झाली ती मुंबईहून निघालेल्या विमानाच्याच प्रकरणात. ३० ऑक्टोबर २०१७ ला मुंबई-दिल्ली विमानाच्या स्वच्छतागृहात चिठ्ठी सापडली, विमानात अपहरणकर्ते आहेत अशी. विमान अहमदाबादला उतरवलं. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याला २०१९ मध्ये विशेष न्यायालयाने जन्मठेप दिली. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. हे दोन्ही भाग सांगावेत. कायदा कडक आहे म्हणून पुरावा सैल चालत नाही, हाही नागरिकशास्त्राचाच धडा आहे. मुलांना नुसती जन्मठेपेची भीती घालून काही साधत नाही. भीतीने गप्प बसलेला मुलगा दुसऱ्याच्या नावाने खातं उघडायला शिकतो.

शेवटी ५ सप्टेंबर. आपल्यासाठी हा शिक्षकदिन. १९८६ च्या शिक्षकदिनी पहाटे सहार विमानतळावरून निघालेलं पॅन अ‍ॅमचं फ्लाइट ७३ कराचीला उतरलं आणि सुरक्षारक्षकांच्या वेशात आलेले चार बंदूकधारी आत घुसले. मुंबईत वाढलेली नीरजा भनोत त्या विमानात सीनियर पर्सर होती. कर्मचाऱ्यांनी इशारा दिला, त्यामुळे वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या झरोक्यातून बाहेर पडले आणि विमान उडूच शकलं नाही. अमेरिकन प्रवासी हुडकायला पासपोर्ट गोळा करायला लावले तेव्हा नीरजा आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन पासपोर्ट लपवले. सोळा-सतरा तासांनी विमानातले दिवे गेले, अंधारात गोळीबार सुरू झाला, सुमारे वीस जण मेले. आत साडेतीनशेहून जास्त प्रवासी होते हे लक्षात घेतलं की बाकीचे कसे वाचले हा प्रश्न पडतो. दरवाजे उघडले गेले, म्हणून. नीरजा पहिल्यांदा बाहेर पडू शकली असती. मुलांना वाचवताना तिला गोळ्या लागल्या. दोन दिवसांनी तिचा तेविसावा वाढदिवस होता. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. घाटकोपरला तिच्या नावाचा चौक आहे.

मुलांना नीरजा सिनेमामुळे माहीत असते. तिने आरडाओरडा केला नव्हता, मारामारी तर नाहीच, हे मात्र त्यांना सांगावं लागतं. तिने केलेली कामं छोटी होती : इशारा देणं, पासपोर्ट लपवणं, लोकांना पाणी आणि खायला देत राहणं, दरवाजा उघडणं. प्रशिक्षणात शिकवलेलं तिने नीट लक्षात ठेवलं होतं.

यंदा आमच्या शाळेत शिक्षकदिनी मोठी मुलं शिक्षक होऊन तास घेतील. पाचवीच्या वर्गावर नीरजाची गोष्ट कोण सांगणार, असं मी नववीत विचारलं. चार हात वर आले. साफसफाई करणाऱ्या आईची मुलगी त्यांत होतीच. मागच्या बाकावरचा तो मुलगाही होता. दोघांना मिळून एक तास दिलाय. त्याने मला एकच अट घातली आहे, "बाई, क्रिकेटच्या चेंडूची गोष्टपण सांगायची ना?" सांग म्हटलं.